‘पत्नीला रिंगणात उतरवले’ : हे वाक्य कोणाचे?

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न : निवडणुकीच्या बातमीत ‘अमुकरावांनी पत्नीला रिंगणात उतरवले’ असे हमखास छापून येते. हे व्याकरणाने चूक आहे का? आणि ‘महिला उमेदवार’ म्हणावे की नुसते ‘उमेदवार’?

व्याकरणाने वाक्य शुद्ध आहे. खटकते ते त्याच्या प्रयोगामुळे. ‘पत्नीला उतरवले’ हा भावे प्रयोग. कर्त्याला ‘नी’, कर्माला ‘ला’ आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. म्हणजे जिने अर्ज भरला तिचे लिंग-वचन क्रियापद विचारतही नाही. ‘त्या रिंगणात उतरल्या’ म्हटले की कर्तरी प्रयोग होतो आणि क्रियापद तिच्यामागे चालते. नवऱ्याच्या आग्रहाने ती उभी राहिली असेल, तर तसे खुशाल लिहावे, पण स्वतंत्र वाक्यात. अर्जावर सही तिची असते. विधानसभा-लोकसभेला नमुना 26 चे शपथपत्रही तिच्याच नावाचे असते, त्यात शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, प्रलंबित गुन्हे असे सगळे असते. बातमीदाराने ते उघडले तर ‘यांच्या पत्नी’च्या पुढे लिहायला भरपूर सापडते.

लातूरचे उदाहरण घ्या. 2004 साली रूपाताई पाटील निलंगेकर यांनी शिवराज पाटील चाकूरकर यांचा पराभव केला. ‘निलंगेकरांच्या सुनेने चाकूरकरांना हरवले’ हेही खरेच, पण त्यात निवडून आलेल्या खासदाराचे नावच नाही. मथळ्यात जागा कमी असते हे मान्य. तरी ‘रूपाताई’ ला ‘निलंगेकरांच्या सुने’पेक्षा कमीच जागा लागते.

नात्याच्या शब्दांबद्दल सरसकट नियम करू नये. बीडच्या केशरकाकू क्षीरसागर तीनदा लोकसभेवर गेल्या. तिथे ‘काकू’ नावातच मुरले आहे, ते काढले तर वाचकच अडखळेल. ‘ताई’ला कोणाचा आधार लागत नाही. ‘वहिनी’ला मात्र आधी एक दादा लागतो, म्हणून तो शब्द सभेतल्या माणसाच्या तोंडी, अवतरणात ठेवावा. बातमीदाराच्या वाक्यात तो नको. बीडसारखे एकाच आडनावाचे दोघे-तिघे रिंगणात असतील, तर सर्वांचीच पहिली नावे वापरावीत. तो ‘ते म्हणाले’ आणि ती ‘म्हणाली’ हा भेद मात्र कुठल्याही कारणाने चालवून घेऊ नये.

‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द दोन्ही लिंगी चालतो. ‘उमेदवार विजयी झाल्या’ यात क्रियापदच सांगते, त्यामुळे ‘महिला’ लावायची गरज उरत नाही. आरक्षित जागा किंवा आकडेवारीचा विषय असेल तिथे तो शब्द अर्थातच हवा.

जाता जाता, ‘सभापती’तला पती म्हणजे स्वामी, म्हणून बाई त्या पदावर असली तरी शब्द तोच राहतो. ‘सरपंचपती’तला पती नवरा आहे. पंचायत कायद्यात असे पद नाही, त्यामुळे नावामागे ते पदासारखे जोडून छापू नये.