फुकट टॅबलेट मिळाला नाही, वर मावसभाऊ तक्रार करतोय

प्रश्न: ‘टॅबलेट मोफत, फक्त पाठवणीचा खर्च भरा’ अशी ऑनलाइन जाहिरात पाहून मी कार्डाने पैसे भरले. मग ‘आणखी पाच जण जोडा’ असं आलं, म्हणून नातेवाइकांना लिंक पाठवली. टॅबलेट आला नाही. दरमहा ‘सदस्यत्व शुल्क’ मात्र कापलं जातंय. मावसभावाचेही पैसे गेले. तो माझ्यावरच पोलिसांत जायचं म्हणतोय. जाऊ शकतो का?

उत्तर: तक्रार कुणीही देऊ शकतं. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही खरं समजून लिंक पाठवलीत, तुमचेही पैसे गेले. तेव्हा घाबरू नका. मात्र आता तुम्हाला सगळं कळलं आहे. ‘निदान आपला टॅबलेट तरी पदरात पडू दे’ म्हणून यापुढे एकालाही लिंक पाठवलीत, तर हा बचाव टिकणार नाही. शिवाय पैसे घेऊन, सभासद जोडण्याच्या बदल्यात लाभ देणाऱ्या साखळी योजनांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे आणि ती नुसत्या चालवणाऱ्यावर नाही, भाग घेणाऱ्यावरही आहे.

म्हणून आजच सगळ्यांना लेखी कळवा: ही फसवणूक आहे, कपात थांबवा. आधीचे मेसेज पुसू नका. लाजेपोटी लोक नेमके तेच आधी डिलीट करतात, आणि तुम्ही भाबडेपणाने फसलात हे दाखवणारा पुरावा तोच असतो.

आता पैसे. बँकेला ई-मँडेट (म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला दिलेली संमती) रद्द करायला सांगा, कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या. दरमहाच्या कपातीआधी किमान 24 तास सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती आली नसेल तर तक्रारीत ठळक लिहा. पहिल्या व्यवहाराचा ओटीपी तुम्हीच टाकलात, त्यामुळे ती रक्कम बँक परत देईल अशी आशा धरू नका. बँकेला कळवल्यानंतरही अनधिकृत कपात झाली, तर ते नुकसान बँकेचं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मावसभावालाही नोंदवायला लावा. दोन्ही तक्रारींत एकच लिंक दिसली, तर त्याचा रोखही आपोआप योग्य माणसाकडे वळेल.

आणि ‘थोडं शुल्क भरा, बुडालेले पैसे काढून देतो’ असा फोन आला, तर नंबर टिपून ठेवा आणि फोन ठेवून द्या.