वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेमचा प्रकार ठरवायचा तो कशावरून?

मागील अंकात या सदरात ‘हेडीस’ या व्हिडिओ गेमचा उल्लेख मी ‘रोगलाइक’ (इंग्रजी ‘Rogue’ म्हणजे ‘भामटा’ या नावाच्या जुन्या खेळाच्या धाटणीचा) असा केला होता. त्या एका शब्दावरून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काहींनी तो शब्द चुकीचा ठरवला, तर काहींनी अशा नावांची मुळात गरजच काय, असे विचारले. विषय एकच असल्याने त्यांपैकी चार पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : ‘हेडीस’मध्ये लढाई आळीपाळीने नव्हे, तर न थांबता धावत्या वेळेत होते आणि नायक मेल्यावरही त्याने कमावलेली शक्ती शिल्लक राहते. मग तो रोगलाइक कसा? वसतिगृहातील माझ्या खोलीमित्राचे म्हणणे असे की, विक्रीच्या संकेतस्थळावर तसे लिहिले आहे, म्हणजे तो रोगलाइकच. आमच्यापैकी बरोबर कोण, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : काटेकोरपणे पाहिले तर तुमचे बरोबर आहे. मी ‘रोगलाइट’, म्हणजे सौम्य रोगलाइक, लिहायला हवे होते. ‘रोगलाइक’ या शब्दाच्या मुळाशी 1980 सालचा ‘रोग’ हा खेळ आहे. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो युनिक्स यंत्रणेवर रचला. त्यात चित्रे नव्हती. नायक म्हणजे ‘@’ हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी लिपीतील सव्वीस मोठी अक्षरे, एवढ्यावर सारे भागवलेले होते. पण प्रत्येक डावाला भुयाराचा नकाशा नव्याने तयार होई, खेळाडूने चाल केल्यावरच राक्षस चाल करत, आणि नायक मेला की डाव तिथेच संपे. मागच्या डावातले काहीही पुढच्या डावात येत नसे. येई ती फक्त खेळाडूची समज.

पुढे या धाटणीचे इतके खेळ निघाले की, 2008 साली बर्लिन येथे भरलेल्या रोगलाइक रचनाकारांच्या परिषदेत त्यांची लक्षणे लिहून काढण्यात आली. ‘बर्लिन इंटरप्रिटेशन’ या नावाने तो मसुदा ओळखला जातो. दरवेळी बदलणारा नकाशा, कायमचे मरण, आळीपाळीच्या चाली, चौकटींची रचना, साधनसामग्रीचा हिशेब ही त्यातील अधिक वजनाची लक्षणे होती, तर भुयार, अक्षरांनी काढलेले चित्र यांसारखी लक्षणे कमी वजनाची मानली गेली. या मसुद्याचा आधार घेऊन वाद घालणारे पुष्कळजण त्यातील एक महत्त्वाची सूचना वाचतच नाहीत. एखादे लक्षण नसल्याने खेळ त्या प्रकारातून बाहेर पडत नाही, आणि काही लक्षणे असल्याने तो आपोआप आतही येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. रचनाकारांवर बंधने घालण्याचा हेतूही त्यात नाकारलेला आहे. म्हणजे ज्या कागदाला आज कायद्याचे कलम समजून उद्धृत केले जाते, तो लिहिणाऱ्यांनी स्वतः कलम म्हणून लिहिलेला नव्हता.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. रदीफ (ओळीअखेर परत येणारे शब्द), काफिया (त्याआधीचे यमक) आणि वृत्त सांभाळलेले नसेल, तर आपल्याकडील जाणकार त्या रचनेला गझल म्हणत नाहीत, ‘गझलसदृश’ म्हणतात. ‘गझलसदृश’ म्हटल्याने ती कविता वाईट ठरत नाही, मात्र गझल ऐकायला बसलेल्या श्रोत्याची फसगत टळते. ‘रोगलाइट’ हा शब्द नेमके हेच काम करतो. 2013 साली ‘रोग लेगसी’ या खेळाच्या निर्मात्यांनी तो आपल्या खेळासाठी वापरला आणि तो रुळला. त्या खेळात मेलेल्या नायकाचा वारस पुढचा डाव खेळतो आणि कमावलेल्या धनातून घराण्याचा वाडा वाढत जातो, त्यामुळे कायमच्या मरणाची धार कमी होते. ‘हेडीस’ तर नायकाच्या प्रत्येक मरणागणिक आपली कथा पुढे नेतो. हा फरक लहान नाही. पहिल्या जातीच्या खेळात खेळाडू शहाणा होतो आणि नायक होता तिथेच राहतो, दुसऱ्या जातीत दोघेही वाढतात. ज्याला पहिला अनुभव हवा आहे, त्याच्या हाती दुसरा दिला तर त्याची तक्रार रास्तच ठरेल.

अधिकाराचा प्रश्न उरतो. आपण अमळनेरचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो. प्रताप शेटजींनी 1916 साली आपल्या गावात तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. ज्या प्रश्नावर आपण वसतिगृहात भांडत आहात, तो अशाच एखाद्या संस्थेत शोभणारा आहे. लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाच्या 1953 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शब्दांच्या अर्थाची चर्चा करताना त्याने उदाहरण घेतले ते ‘खेळ’ याच शब्दाचे. पटावरचे, पत्त्यांचे, चेंडूचे असे सारे खेळ समोर ठेवून पाहा, असे तो सांगतो; सर्वांत समान असे एकच लक्षण सापडत नाही. एका घरातील माणसांत कुणाचे नाक कुणाशी, कुणाची चाल कुणाशी जुळावी, तशी साम्ये एकमेकांत गुंतलेली आढळतात. याला मराठीत कुलसाम्य म्हणतात. खेळांच्या प्रकारांना हे तंतोतंत लागू पडते, असे माझे मत आहे. विक्रेत्याने लावलेली पाटी हा पुरावा नव्हे, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते. पण बर्लिनचा मसुदाही अंतिम निवाडा नव्हे. त्या कुळातील खेळ जे वर्षानुवर्षे खेळतात, त्यांच्या बोलण्यातून अर्थ ठरत जातो आणि सरकतही जातो. आपल्या खोलीमित्राशी वाद घालताना ‘आहे की नाही’ असे विचारण्यापेक्षा ‘मूळ खेळाच्या किती जवळ आहे आणि कोणत्या बाजूने दूर गेला आहे’ असे विचारावे. त्या प्रश्नाला उत्तर मिळू शकते.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक असून नातवंडांमुळे या विषयात लक्ष घालू लागलो. मला दिसते ते असे की, या क्षेत्रात वर्गीकरणाचे एकच तत्त्व नाही. एक नाव दृष्टिकोनावरून, दुसरे भीतीच्या भावनेवरून, तिसरे एखाद्या जुन्या खेळावरून पडलेले आहे. असे वर्गीकरण शास्त्रीय कसे म्हणावे? (धुळे)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. 1993 साली ‘डूम’ आला, तेव्हा त्याच्यासारख्या खेळांना काही वर्षे ‘डूम क्लोन’ म्हणजे डूमची नक्कल असेच म्हणत. पुढे ते खेळ इतके भिन्न झाले की एका पूर्वजाचे नाव पुरेना, आणि ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ (नायकाच्या डोळ्यांतून पाहत गोळ्या झाडण्याचा खेळ) हे कृती व दृष्टिकोन सांगणारे नाव स्थिरावले. याउलट ‘अॅडव्हेंचर’ (शोध-साहसाचे खेळ) हा प्रकार विल क्राउदर यांनी 1976 च्या सुमारास रचलेल्या गुहेच्या खेळावरून ओळखला जाऊ लागला, आणि पूर्वज विसरला गेला तरी नाव टिकले. ‘सर्व्हायव्हल हॉरर’ (भीतीच्या वातावरणात तग धरण्याचा खेळ) हे शब्द 1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने रूढ केले. त्यात अर्धे नाव कृतीचे आणि अर्धे भावनेचे आहे.

एकच तत्त्व लावण्याचे प्रयत्न झालेले आहेत. खेळांचे रचनाकार क्रिस क्रॉफर्ड यांनी 1984 च्या आपल्या पुस्तकात खेळांचे दोन मोठे गट केले : हाताचे कौशल्य व झटपट हालचालींचे खेळ, आणि डावपेचांचे खेळ. आपली मांडणी थोड्याच काळात अपुरी पडेल, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवले. अभ्यासक मार्क वुल्फ यांनी 2001 साली बेचाळीस प्रकारांची यादी दिली. कथानक किंवा पार्श्वभूमी न पाहता खेळाडू काय करतो यावर प्रकार ठरवावा, हा त्यांचा आग्रह मला पटतो. कारण अंतराळयान असो वा घोडा, पळणे, नेम धरणे आणि चुकवणे यांत हातांना आणि मनाला जे करावे लागते ते एकच असते. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो, म्हणून तिथे विषयावरून नाव चालते. इथे मात्र खेळणाऱ्याने काही केल्याशिवाय पुढचे काही घडतच नाही.

परंतु मिश्र तत्त्वे म्हणजे अशास्त्रीयता, हे मला मान्य नाही. आपण संस्कृत नाट्यशास्त्र जाणत असाल. धनंजयाच्या ‘दशरूपका’त रूपकांचे दहा भेद वस्तू, नेता आणि रस या तीन गोष्टींवरून एकाच वेळी केलेले आहेत. म्हणजे कथानक, पात्र आणि भावना अशी तीन वेगळी तत्त्वे तिथे एकत्र नांदतात आणि कुणी त्या ग्रंथाला अशास्त्रीय म्हणत नाही. आपल्या अहिराणीचेच, म्हणजे खानदेशीचेच, पाहा. ब्रिटिश काळातील भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात जागा मिळाली, जनगणनेत खानदेशी स्वतंत्र नोंदली जाते, आणि आपल्यातील कितीतरीजण तिला मराठीची बोली मानतात. व्याकरणावरून एक उत्तर येते, बोलणाऱ्यांच्या भावनेवरून दुसरे येते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत.

ज्या नावाबद्दल मला खरोखर काळजी वाटते ते ‘रोल-प्लेइंग गेम’ (आरपीजी), म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ, हे आहे. त्याचे मूळ 1974 सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळण्याच्या खेळात आहे. तिथे मित्रमंडळी पात्रे होऊन बोलत, आणि पात्राचे बळ, चपळाई इत्यादी गुण आकड्यांत मांडलेले असत. संगणकाला बोलणे पेलले नाही, आकडे सहज पेलले. परिणामी भूमिका मागे पडली आणि आकडे वाढवत नेणे हीच या प्रकाराची ओळख झाली. आज फुटबॉलच्या खेळात गुणांक वाढत असले की त्यालाही ‘आरपीजीचे अंग आहे’ असे म्हणतात. नावात जो शब्द आहे तोच अर्थातून गळून गेला, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी हानी आहे. आपण यावर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : माझा सातवीतला मुलगा म्हणतो, ‘आई, हा मारामारीचा नाही, स्ट्रॅटेजीचा खेळ आहे.’ त्याचे मित्र त्याच खेळाला ‘बॅटल रोयाल’ म्हणतात, आणि भाऊजी ‘ई-स्पोर्ट’ म्हणतात. मी नेमके काय समजावे? (भुसावळ)

उत्तर : ताई, तिघेही एकाच खेळाबद्दल तीन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. ‘बॅटल रोयाल’ हे रचनेचे नाव आहे. हे नाव एका जपानी कादंबरीवरून व तिच्यावरील 2000 सालच्या चित्रपटावरून आले, आणि 2017 च्या ‘पबजी’ने ते घरोघरी पोहोचवले. शंभरापर्यंत खेळाडू एका मैदानात उतरतात, मैदान आकसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. अशा खेळात डावपेच लागतात हे खरे, पण स्पर्धकाला गोळी घालणे हीच त्यातील मुख्य कृती असेल, तर ‘मारामारीचा नाही’ हे मुलाचे म्हणणे टिकत नाही. ‘ई-स्पोर्ट’ हा तर प्रकारच नव्हे. कोणताही खेळ नियमबद्ध स्पर्धेत खेळला गेला की त्याला ते नाव मिळू शकते.

आपल्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट निराळीच आहे. प्रकाराच्या नावावरून मुलाचे हात आणि डोके काय करत आहे ते कळते. खेळ त्याच्या वयाला योग्य आहे का आणि त्यात पैसे जातात का, हे कळत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्याकडे पत्त्यांचे डाव रंगतात. घरात मुलांनी झब्बू खेळणे आणि पारावर पैसे लावून तीनपत्ती खेळणे, पत्ते तेच असूनही, आपण एक मानत नाही. कायद्यानेही हा भेद हाताळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला होता, आणि पुढे अनेक वर्षे वाद ‘कौशल्य की नशीब’ या वर्गीकरणावरच चालला. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम असे वर्ग केले, आणि पैसे लावून जिंकण्याचा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यावर बंदी घातली. इथे व्याख्या काटेकोर हवी, कारण तिच्यावर लोकांचा पैसा आणि शिक्षा अवलंबून आहे. आपण मुलाशेजारी बसून एक पूर्ण डाव पाहावा, आणि खेळात खरेदीचे बटण कुठे आहे ते त्यालाच दाखवायला सांगावे.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र मोबाइलसाठी खेळ बनवत आहोत. तोरणमाळच्या वाटांसारख्या डोंगरात नायिका उड्या मारत फिरते, नवीन साधन मिळाले की आधी बंद असलेल्या वाटा उघडतात, आणि ती मेली की डोंगराची रचना बदलते. याला ‘मेट्रॉइडव्हेनिया’ लिहावे का? (शहादा)

उत्तर : नकाशा बदलत असेल तर लिहू नये. हे नाव 1986 च्या ‘मेट्रॉइड’ आणि ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतील खेळांच्या, विशेषतः 1997 च्या ‘सिंफनी ऑफ द नाइट’च्या, जोडीतून झाले आहे. त्याचा आत्मा म्हणजे ओळखीच्या जागी परत येणे. ज्या कड्यापाशी तासाभरापूर्वी आपण अडलो, तो लक्षात ठेवून नव्या साधनानिशी तिथेच पोहोचण्याचा आनंद त्यात आहे. डोंगरच बदलला तर ती आठवण निरुपयोगी ठरते. एक तर नकाशा कायम ठेवा, नाहीतर ‘रोगलाइट प्लॅटफॉर्मर’ (उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ) लिहा. पुढे तुमचा खेळ संगणकासाठी आणलात, तर ‘स्टीम’ या विक्रीच्या संकेतस्थळावर 2014 पासून खेळाडू स्वतःच खेळाला टॅग (प्रकाराची खूण) लावू शकतात, त्यामुळे तुम्ही चुकीचे नाव दिलेत तरी ते पुढे दुरुस्त होते, पण तोवर पहिल्या गिऱ्हाइकांचा रोष ओढवतो. वर्णनाची पहिली ओळ मात्र मराठीतच लिहा, आणि तुमच्या पत्रातलेच वाक्य तिथे वापरा. नायिका काय करते ते त्यात नीट आलेले आहे.