पडक्या हॉटेलच्या आवारातील शोध

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. आम्ही उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहोत. नातवंडांनी शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरातील ‘ओव्हरलुक माउंटन हाउस’ या जुन्या हॉटेलच्या अवशेषांजवळ लपवलेला ‘लेटरबॉक्स’ शोधण्याचा बेत केला आहे. हा शोध नेमका कसा असतो? पडक्या भिंतींमध्ये मुलांना शोधू द्यावे का? नातवाला स्वतःची पेटीही तिथे लपवायची आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. भिंतींच्या फटींत, कोनाड्यांत किंवा ढिगाऱ्याखाली मुलांना हात घालू देऊ नये. त्या डोंगरावर टिंबर रॅटलस्नेक या विषारी सापाचा वावर असून, असे साप उन्हात तापलेल्या दगडांवर आणि कपारींत विसावतात. शिवाय छप्पर नसलेल्या त्या काँक्रीटच्या सांगाड्याला कुठे तडा गेला आहे, हे बाहेरून कळत नाही.

आता पहिला प्रश्न. कोणीतरी लपवलेली पेटी, म्हणजे ‘लेटरबॉक्स’, संकेतांवरून शोधून काढायची, या छंदाचा उगम इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानात आहे. १८५४ साली जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमेअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोहोचणारे लोक तीत आपले नाव असलेली कार्डे टाकू लागले. पुढे पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवण्याची रीत पडली. नंतर येणाऱ्याने ती नेऊन टपालात टाकायची. आज पेटीत एक नोंदवही आणि बहुधा हाताने कोरलेला रबरी शिक्का असतो. शोधणारा पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवतो, स्वतःचा शिक्का पेटीतल्या वहीत उमटवतो आणि पेटी होती तशीच झाकून ठेवतो. अमेरिकेत हा छंद १९९८ नंतर, एका मासिकातील लेखामुळे, झपाट्याने पसरला. पेटीपर्यंत नेणारे संकेत कधी सरळ, कधी कोड्याच्या रूपात असतात, आणि अनेकदा होकायंत्राची दिशा व पावलांची संख्या दिलेली असते. म्हणून मुलांना होकायंत्र वापरायला आधीच शिकवावे. निघण्यापूर्वी ती पेटी अलीकडे कोणाला सापडली आहे का, हेही पाहावे, कारण पेट्या हरवतात.

पेट्या कुठे ठेवू नयेत याबाबत डार्टमूरमधील या छंदाच्या आचारसंहितेत स्पष्ट सांगितले आहे : प्राचीन अवशेष, भिंती आणि पडक्या इमारती वर्ज्य. मला हा नियम मनापासून पटतो. एकाने एक दगड सरकवला तर काही बिघडत नाही असे वाटते. पण संकेत वाचून येणारा प्रत्येक जण तोच दगड सरकवणार असतो. त्यामुळे आपल्या नातवंडांचा संकेत त्यांना इमारतीच्या आत नेत असेल, तर तो शोध सोडून द्यावा.

त्या इमारतीचा इतिहास मात्र मुलांना जरूर सांगावा. तिथले पहिले मोठे हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले, १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट तिथे येऊन गेले आणि १८७५ मध्ये ते जळाले. १८७८ मध्ये पुन्हा उभारलेले लाकडी हॉटेलही १९२०च्या दशकात आगीत गेले. त्यानंतर काँक्रीटची इमारत बांधायला घेतली गेली, पण ती कधीच पूर्ण झाली नाही. आज दिसतात त्या तिच्याच भिंती, आणि खोल्यांच्या जागी आता झाडे वाढली आहेत.

वुडस्टॉक गावाजवळच्या तिबेटी बौद्ध मठासमोरून निघणारी वाट जुन्या गाडीरस्त्याची असल्याने रुंद आहे, पण चढ सलग आहे. शिखर ३,१४० फूट उंच असून तिथपर्यंत एका बाजूने सुमारे ४ किलोमीटर चालावे लागते. अवशेष शिखराच्या थोडे अलीकडेच लागतात. आपल्या गुडघ्यांचा विचार करून पाणी व काठी सोबत ठेवावी. या भागात गोचीड चावल्याने लाइम रोग हा जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर मुलांचे अंग, विशेषतः केसांची मुळे आणि गुडघ्यांमागचा भाग, तपासावा.

नातवाच्या पेटीविषयी : ही जमीन न्यूयॉर्क राज्याच्या संरक्षित वनात मोडते, त्यामुळे पेटी ठेवण्यापूर्वी राज्याच्या पर्यावरण खात्याकडे चौकशी करावी. परवानगी मिळाल्यास पेटीवर मालकाचे नाव व पत्ता लिहावा, झाडाला खिळा मारू नये, खड्डा खणू नये आणि जागा अवशेषांपासून दूर, पण वाटेपासून फार आत नसलेली निवडावी. मात्र आपण परत आल्यावर त्या पेटीची देखभाल मुलीच्या घरच्यांनाच करावी लागेल, म्हणून वर्षातून एक-दोनदा तिथवर चढून जायची त्यांची तयारी आहे का, हे आधी विचारून घ्यावे.