लिनक्ससाठी लॅपटॉप आणि प्रिंटर घेताना काय पाहावे? जुना लॅपटॉप चालेल का?

नमस्कार. निपाणीत मराठी व कन्नड अर्ज टाइप करून देण्याचे दुकान सुरू करायचे आहे, त्यासाठी लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत संगणकप्रणाली) नीट चालणारा लॅपटॉप आणि प्रिंटर कोणत्या कंपनीचा घ्यावा, जुना घेतला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात असतो आणि ओळखीच्यांना लिनक्स बसवून देत असतो, त्या अनुभवावरून लिहितो.

कंपनीच्या नावावरून फारसे काही ठरत नाही. आत कोणत्या चिपा आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आधीपासून आहेत का, हे महत्त्वाचे. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वाय-फाय कार्ड वेगळे निघू शकते आणि अडचण बहुधा तिथेच येते. इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे तिकडे काही करावे लागत नाही. स्वस्त लॅपटॉपांत आढळणाऱ्या रिअलटेक ८८२१सीई या चिपेसाठी पूर्वी ड्रायव्हर वेगळा आणून बसवावा लागे; आता तो कर्नलमध्ये आला आहे, पण जुन्या आवृत्तीवर अजूनही त्रास होतो. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपांना आजही वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेट हवे, जे नेमके त्याच चिपेमुळे बंद असते! अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे, काम होते. कार्ड बदलण्याजोगे असेल तर इंटेलचे एएक्स२१० घालता येते. मात्र नावात साम्य असलेले एएक्स२११ घेऊ नये, कारण ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालते.

हे सगळे पारखायला दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. उबुंटू किंवा लिनक्स मिंट (लिनक्सचे दोन प्रचलित प्रकार) पेन ड्राइव्हवर टाकून न्यावे आणि पैसे देण्यापूर्वी लॅपटॉप त्यावरून सुरू करून मागावा. डिस्कवर काहीही न बसवता सगळे तपासता येते. पुष्कळ दुकानदार आढेवेढे घेतात, पण जुन्या मालाचे सहसा नाही म्हणत नाहीत. वाय-फाय जोडून पाहावे, आवाज, माइक, कॅमेरा आणि प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा पाहाव्यात, आणि झाकण मिटून थोड्या वेळाने उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का हे जरूर पाहावे, कारण ही तपासणी हमखास राहून जाते. नंतर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘के’ लावून द्यावी. प्रत्येक चिपेच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. वाय-फाय कार्डाखाली ती ओळच नसेल, तर तो लॅपटॉप परत ठेवावा.

जुन्याचे म्हणाल तर आपल्या कामाला तोच बरा, असे माझे मत आहे. विंडोज ११ साठी इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपांना विंडोजवाल्यांच्या लेखी फारशी किंमत उरलेली नाही. लिनक्सला मात्र ते पुरून उरतात. कार्यालयांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे लॅपटॉप बेळगाव, कोल्हापूर, हुबळी इथे पाहावेत. रॅम ८ जीबी असावी आणि डिस्क एसएसडीच असावी. बॅटरी थकलेली असणार असे धरूनच भाव करावा. उलट नुकत्याच बाजारात आलेल्या मॉडेलला नवे कर्नल लागते, आणि स्नॅपड्रॅगन (मोबाइलच्या धाटणीच्या) प्रोसेसरचे लॅपटॉप तर तूर्त टाळावेत. एनव्हिडियाच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची टायपिंगच्या कामाला गरजच नाही.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर घाबरू नये. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असेल ती ‘एएचसीआय’ करावी. विंडोज सोबत ठेवायचे असेल तर मात्र आधी त्याची तयारी करून मगच हे बदलावे, नाहीतर विंडोज सुरू होत नाही.

प्रिंटरच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारे प्रिंटरच लिनक्सवर कटकटीचे आहेत. कॅननचा एलबीपी २९०० ‘कॅप्ट’ नावाच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्ससोबत येत नाही. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण दर वेळी सुरू झाल्यावर त्याला संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) द्यावे लागते, त्यासाठी एचपीचे वेगळे प्लगइन बसवावे लागते. नवा घेणार असाल तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलेले आहे का ते पाहावे. ही सोय ॲपलच्या उपकरणांसाठी म्हणून छापलेली असते, पण लिनक्सची छपाई यंत्रणाही असे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते, आणि अशा बहुउपयोगी प्रिंटरांचे स्कॅनरही बहुतेक वेळा तसेच चालतात.

मराठी-कन्नडसाठी वेगळा कीबोर्ड घेऊ नये. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत दोन्ही लिप्यांची बहुतेक अक्षरे त्याच त्याच कळांवर आहेत, म्हणजे ‘क’ ज्या कळेवर मराठीत, त्याच कळेवर कन्नडमध्ये; एकदा हात बसला की भाषा बदलण्यापुरते एक बटण दाबावे लागते. तालुका कचेरीचे अर्ज कन्नडमध्ये आणि घरची पत्रे मराठीत, अशा आपल्या भागात याचा मोठा उपयोग होतो.

आधारसाठी बोटांचे ठसे घेणारे उपकरण पुढे लागणार असेल, तर ते घेण्यापूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलसाठी लिनक्सचे सॉफ्टवेअर आहे का ते पाहावे. नसेल तर त्या एका कामासाठी विंडोजचा जुना संगणक बाजूला ठेवावा.