काळी पडलेली टिप

प्रश्न : माझ्या सोल्डरिंग आयर्नची टिप काळीठिक्कर पडलीय. सोल्डर लावायला गेलं की गोळी होऊन घरंगळतं. मध्यंतरी कानशीने घासून लख्ख केली, तर दोन दिवस झकास चालली आणि मग होती त्याहून बिघडली. खरं तर काम झालं की मी ती दर वेळी ओल्या स्पंजवर पुसूनच स्टँडला ठेवते. मग चुकतं कुठे?

उत्तर : चुकतं ते नेमकं त्या ‘पुसूनच ठेवते’मध्ये. कानशीकडे नंतर वळू.

पुसलेली गरम टिप म्हणजे उघडं लोखंड. त्यावर ऑक्साइड चढायला वेळ लागत नाही, आणि त्या काळ्या थराला सोल्डर धरत नाही. टोकावर सोल्डर असलं तर हवेचा मारा ते झेलतं. म्हणून पुसायचं ते जोड करण्याच्या आधी. ठेवताना टोक माखलेलंच राहू द्या. बंद करताना तर नवं सोल्डर भरपूर वितळवून मगच बटण बंद करायचं. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

आता कानस. टिप आतून तांब्याची असते आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा. सोल्डरमधलं वितळलेलं कथील तांबं खातं, लोखंड फार सावकाश खातं. मुलामा असतो तो यासाठीच. माझी पहिली चांगली टिप मीही अशीच घासली होती. थोड्याच दिवसांत टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक दिसलं, नंतर आतलं तांबं विरघळून नुसतं टरफल उरलं. तुमच्या टिपेवर तांबूस ठिपका दिसत असेल तर ती गेली, नवी घ्या. साध्या तांब्याचे जुने बिट कानशीने घासायचेच असतात, सवय तिथूनच आलेली. शंका असेल तर थंड टिपेला चुंबक लावून बघा : चिकटला तर मुलामा आहे, कानस लांब ठेवा.

तांबं दिसत नसेल तर टिप वाचेल. तापमान २५० अंशांच्या आसपास ठेवा. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १९० अंशांच्या आतच पूर्ण वितळतं, त्यामुळे तेवढं पुरतं. फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड काढणारं रसायन, आत भरलेली सोल्डरची तार टोकाशी लावत राहा, पितळी तारांच्या गुंडाळ्यात टोक दोनचारदा खुपसा, पुन्हा सोल्डर. पहिल्या दोन-तीन खेपांना काहीच होत नाही, माणूस वैतागतो. मग कडेला कुठेतरी एक चकचकीत ठिपका धरतो आणि तिथून चमक पसरत जाते. नाहीच पसरली तर टिप टिनरच्या (सोल्डरची पूड आणि फ्लक्स मिसळलेल्या लगद्याच्या) डबीत टोक बुडवा, पुसा आणि लगेच सोल्डर लावा. भांड्यांची स्टीलची घासणी मात्र वापरू नका, ती मुलामा ओरबाडते.

स्पंज चालेल, पण घट्ट पिळलेला. पाणी ठिबकत असेल तर टिप दर वेळी एकदम गार पडते, आणि त्या झटक्यांनी मुलाम्याला तडे जाऊ शकतात. मी पितळी गुंडाळ्यावर आले ती परत गेले नाही.

आणि तापमान ४०० च्या वर ठेवून काम लवकर उरकत असाल, तर टिपही तितक्याच लवकर उरकेल. शिशाच्या सोल्डरला ३२०-३५० पुष्कळ झालं. तेवढ्यात जोड होत नसेल तर जाड टोकाची टिप लावा.