जुनी बाईक इम्पोर्टेड आहे का? विम्याआधी स्टिअरिंगच्या मानेवरचा नंबर वाचा

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. कोथरूडमध्ये एकाकडे होंडाची सीबी ४०० सुपर फोर विकायला आहे. आरसी ईशान्येकडच्या राज्याची, उत्पादनवर्ष २००९, एनओसी "काढून ठेवलीय". विकणारा म्हणतो, "कंपनीचीच गाडी आहे, इम्पोर्ट-बिम्पोर्ट काही नाही." विमा एजंट म्हणतो, यादीत हे मॉडेल दिसत नाही, होंडाचंच दुसरं एखादं टाकून पॉलिसी काढून देतो. ती घ्यायच्या विचारात असलेल्या तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: गाडी इम्पोर्टेड आहे हे ओळखायचं कसं, आणि विमा कंपनीला ते सांगायलाच हवं का.

तुमच्या गाडीपुरतं पहिलं उत्तर सोपं आहे. सुपर फोर होंडाने भारतात अधिकृतपणे कधी विकलीच नाही. म्हणजे ती बाहेरूनच आलेली आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. शोधायचं ते एवढंच, की ती पुढच्या दाराने आली की मागच्या. दुसरं उत्तर: हो, सांगायचं, आणि तेही लेखी.

आता जरा सविस्तर. इम्पोर्टेड असणं हा गुन्हा नाही. शोरूममधून घेतलेल्या कित्येक डुकाटी आणि बीएमडब्ल्यूही परदेशातून तयारच येतात. त्यांना इथली किंमत यादी असते, सुटे भाग असतात, कंपनीचे फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) असतात. विमावाल्याला त्यात नवं काहीच नाही. कोणी परदेशातून कायमचा परतताना स्वतःची गाडी रीतसर शुल्क भरून घेऊन येतो, तेही चालतं, फक्त कागदांची फाईल जाड असते. त्रास आहे तो तिसऱ्या जातीचा: "सुटे भाग" किंवा भंगार म्हणून आलेली, चेसिस (गाडीचा सांगाडा) कापून आणून इथे जोडलेली, आणि मग दुसऱ्याच गाडीच्या कागदांवर चढवलेली. तुमच्याकडे आलेली गाडी यातली नसेलही. पण ती नाही हे विकणाऱ्याने दाखवायचं, तुम्ही गृहीत धरायचं नाही.

सुरुवात चेसिस नंबरपासून करा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, उजव्या बाजूला स्टिअरिंगच्या मानेवर नंबर कोरलेला दिसेल. जुन्या गाडीत तिथे ग्रीस आणि धुळीचा थर असतो. फडक्याला थोडं पेट्रोल लावून पुसा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता तिरपा धरा. कारखान्यातल्या आकड्यांची खोली सारखी असते, रेषेत असतात, आणि रंग आकड्यांच्या आतही उतरलेला असतो. हाताने ठोकलेले आकडे एखादा खोल, एखादा उथळ, एखादा किंचित कललेला असे निघतात. आजूबाजूला घासल्याच्या बारीक रेघा दिसल्या, किंवा तेवढ्याच चार बोटं जागेवर रंग जाड लागला, तर मी पुढे बोलणंच थांबवतो. मग कोरा कागद त्यावर ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आरटीओत अशीच छाप घेतात, विकणाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. वाटलं, तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

आता तो नंबर वाचायचा. सतरा अक्षरांचा असेल तर पहिली तीन बनवणाऱ्याची असतात. बजाजचं एमडी२, टीव्हीएसचं एमडी६, रॉयल एनफिल्डचं एमई३, होंडाच्या भारतातल्या कंपनीचं एमई४, हिरोचं एमबीएल. जपानमध्ये बनलेल्या होंडाचं जेएच२, डुकाटीचं झेडडीएम, बर्लिनच्या बीएमडब्ल्यूचं डब्ल्यूबी१. "एमने सुरू म्हणजे भारतीय" असं एक गणित सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. एमए ते एमई भारत, पण एमएफ ते एमके इंडोनेशिया आणि एमएल ते एमआर थायलंड. यामाहाच्या इंडोनेशियातल्या गाड्यांवर एमएच३ असतं. त्याचा आपल्या नंबरप्लेटवरच्या एमएचशी काडीचाही संबंध नाही, पण मी ते कौतुकाने दाखवणारा विक्रेता पाहिला आहे. आणि उलटाही प्रकार होतो: चाकणला बनून बाहेर जाणाऱ्या केटीएमवर ऑस्ट्रियाचं व्हीबीके येतं. तेव्हा तीन अक्षरं हा सुगावा समजा, निकाल नव्हे. दहावं अक्षर बहुतेक कंपन्या वर्षासाठी वापरतात: २००९ ला ९, २०१० ला ए, २०११ ला बी, आणि पुढे तसंच.

तुमच्या गाडीत खरी मजा इथे आहे. जपानच्या देशी बाजारातल्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर नसतोच. मॉडेलचा कोड, मधे छोटी रेघ आणि पुढे सात आकडे, एवढंच. सुपर फोरमध्ये १९९२ पासूनच्या पिढीला एनसी३१, १९९९ पासूनच्या पिढीला एनसी३९ आणि २००७ च्या अखेरीस आलेल्या पिढीला एनसी४२. म्हणजे २००९ ची गाडी एनसी४२ ने सुरू व्हायला हवी. ऑस्ट्रेलियासारख्या बाजारासाठी बनलेली असेल तर सतरा अक्षरं असतील, पण सुरुवात जेएच२ ने. आरसीवर मात्र एमई४ ने सुरू होणारा सतरा अक्षरी नंबर असेल, तर ती आरसी होंडाच्या इथल्याच कुठल्या तरी युनिकॉर्नची किंवा शाईनची आहे आणि तुमच्यासमोर उभी असलेली गाडी कागदोपत्री अस्तित्वातच नाही. आणि मानेवर एनसी३१ निघालं, तर २००९ हे वर्षच खोटं आहे.

गाडीच्या अंगावरही खुणा असतात, त्या पडताळा म्हणून बघा. जपानी देशी गाडीचं स्पीडोमीटर सहसा १८० वर संपतं. अमेरिकेतून आलेल्या गाडीत मैल ठळक असतात, सीटखाली उत्सर्जनाचा इंग्रजी स्टिकर असतो आणि पुढचे इंडिकेटर दिवा लावला की मंद पेटलेलेच राहतात. हेडलाइटच्या काचेवर वर्तुळात ई असेल तर त्याच्याजवळ बाण शोधा. डावीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या काचेवर बाण असतो, समोर उभं राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेला. दोन्ही बाजूंसाठीच्या काचेवर दुहेरी बाण असतो. बाणच नसेल तर ती काच बहुधा उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी आहे, आणि तशी असेल तर रात्री डिपरवर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. जपान, थायलंड, ब्रिटन हे आपल्यासारखेच डावीकडून चालतात, तेव्हा बाण बरोबर आहे म्हणून गाडी भारतीय ठरत नाही. साडीगार्ड नाही, हा पुरावा तर मुळीच धरू नका. पुण्यात गाडी घरी आली की पहिल्या रविवारी साडीगार्ड काढणारे पोत्याने आहेत.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी एक सूचना. यामाहा आरएक्स १०० च्या सुरुवातीच्या लॉटमध्ये जपानहून आलेले भाग होते, त्यामुळे इंजिनवर कुठे "मेड इन जपान" दिसलं म्हणून ती आयात गाडी होत नाही. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात त्या शिक्क्यावर भाव चढतो, तो निराळा विषय.

आता कागद. गाडी रीतसर आयात झाली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्क खात्यातला कागद, असणारच, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ प्रमाणे आयात गाडीच्या नोंदणीला सीमाशुल्काचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. नोंदणी अर्जाच्या फॉर्म २० मध्येही गाडी नवी, माजी लष्करी की आयात केलेली, हे वेगळं विचारलेलं आहे. बिल ऑफ एंट्रीचा फोटो मागा. त्यावरचा क्रमांक, तारीख आणि बंदर घेऊन सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट साईटवर चौकशी करता येते, लॉगिन लागत नाही. पण फोटोतलं मालाचं वर्णन नीट वाचा. तिथे "मोटारसायकल" आणि हाच चेसिस नंबर असायला हवा. "मोटारसायकलचे सुटे भाग" असं लिहिलेलं असेल, तर तो कागद गाडीचा नाहीच, तो तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. "बिल हरवलं" असं उत्तर आलं तर पहिल्या आरटीओच्या नोंदणी फाईलची नक्कल काढून द्यायला सांगा. काढायची त्याने, तुम्ही नाही.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आरसी दिसते, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. जुनी हस्तलिखित नोंद नंतर संगणकावर चढवताना काय काय चढलं आहे, हे आरटीओतल्या एजंटांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पहिल्या नोंदणीची तारीख उत्पादनवर्षाशी लावून पाहा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते. २००९ ची गाडी २०१६ ला पहिल्यांदा नोंदली गेली असेल, तर मधली वर्षं ती कुठे होती हे विचारा. चोरीची तपासणी डिजिटल पोलीसच्या पोर्टलवर होते, तीही चेसिस आणि इंजिन नंबर दोन्ही टाकून करा.

हे सगळं विम्याआधी का, ते आता. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. ३५० सीसीच्या वर वर्षाला २८०४ रुपये, गाडी चाकणची असो की जपानची. त्यामुळे लोकांना वाटतं, काही का टाकेना, हप्ता भरला म्हणजे झालं. पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, गाडीपाशी येतो, मानेवरचा तोच नंबर बघतो आणि पॉलिसीशी ताडतो. पॉलिसीवर होंडाचीच हॉर्नेट आणि समोर चार सिलिंडरची सुपर फोर, मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच बसला. त्याहून वाईट म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी देऊन पॉलिसी घेतली, हा विमा कंपनीचा मान्य बचाव आहे. कोणाला धडकलात तर भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते. एजंट त्या दिवशी फोन उचलणार नाही.

दुसरी अडचण किमतीची. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उत्पादक कंपनीच्या किंमत यादीवरून घसारा वजा करून ठरते, आणि इथे यादीच नाही. सुदैवाने पाच वर्षांच्या वरच्या गाडीची आयडीव्ही तशीही दोघांच्या संमतीने ठरते. ती मूल्यांकन अहवाल लावून लेखी ठरवून घ्या. सुट्या भागांचं कलमही वाचा. सीमाशुल्क न भरता आणलेल्या गाड्यांसाठी मोटार टॅरिफमध्ये (गाड्यांच्या विम्याच्या ठरलेल्या कलमांची नियमावली) आयएमटी १९ नावाचं वेगळं कलम आहे. त्यात इथे साठ्यात नसलेल्या भागासाठी कंपनीची जबाबदारी उत्पादकाच्या किंमत यादीपुरती असते, यादी नसेल तर कारखान्यातली किंमत, विमानाशिवायच्या वाहतुकीचा वाजवी खर्च आणि आयात शुल्क, वर घसारा वजा. म्हणजे टोकियोहून कुरिअरने मागवलेल्या फेअरिंगचं विमानभाडं तुमच्या खिशातून. तुमच्या गाडीचं शुल्क भरलेलं असेल तर हे कलम लागायचं कारण नाही. तरी पॉलिसीच्या शेवटी छापलेल्या कलमांच्या क्रमांकांत १९ दिसतो का, बघा. दिसला, तर का लावला ते विचारा. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कुठल्याही गाडीला असतोच.

तेव्हा एजंटला बाजूला ठेवा आणि कंपनीच्या शाखेला स्वतः ईमेल करा: मॉडेल, चेसिस आणि इंजिन नंबर, सीसी, गाडी खासगी आयात आहे, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, सोबत पेन्सिलची छाप आणि फोटो. गाडीची तपासणी करून मगच पॉलिसी द्या असंही लिहा. काही कंपन्या नाही म्हणतील, म्हणू देत. जी हो म्हणेल तिच्या पॉलिसीवर तुमच्या गाडीचं खरं नाव असेल. विकणाऱ्याचा विमा अजून चालू असेल तर थर्ड पार्टीचा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करून घ्यायला १४ दिवसांच्या आत अर्ज लागतो. त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. "बोनससकट देतो" म्हणून भाव वाढवला असेल तर तेवढा कमी करा.

शेवटचं राहिलं ते एमएच १२ करायचं, म्हणजे पुण्यात नोंदणी. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर चढ्या दराने लागतो. तेव्हा विकणाऱ्याने सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा. शक्य असेल तर बिल ऑफ एंट्री आणि एनओसीच्या प्रती घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत आधीच खिडकीवर विचारून या. एनओसी खरी आहे का, हे तिथून पहिल्या आरटीओकडे पडताळून घेता येतं. टोकन दिलंच, तर पावतीवर चेसिस नंबर आणि "पडताळणी न झाल्यास रक्कम परत" हे दोन्ही त्याच्या सहीने लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर गाडी कितीही गोड वाजत असली तरी सोडा. चार सिलिंडरच्या रीतसर कागदांच्या गाड्या आपल्याकडे अधूनमधून येतात. छाप घेतलीत की इथे टाका, शेवटचे चार आकडे झाकून.