पान खुडलं, तरी रोग शेंड्यावर कसा?

वाचकांचे प्रश्न : झाडांवरचे विषाणू

प्रश्न : गच्चीवर बारा कुंड्यांत टोमॅटो लावले आहेत. एका झाडाच्या वरच्या कोवळ्या पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसले, ते पान लगेच कात्रीने काढलं. तरी आठवड्यात शेंडा आखडला, मग शेजारच्या दोन झाडांचाही. बुरशीनाशक दोनदा फवारलं. मधली जून पानं मात्र ठणठणीत! हे कसं? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : वर्णनावरून हा मोझॅक, म्हणजे पानावर चट्टे पाडणारा विषाणूचा रोग दिसतो. ज्या पानावर चट्टे दिसले, तिथून रोग शिरलेलाच नव्हता. तो शिरला ते खालचं एखादं पान, आणि ते बहुधा अजूनही हिरवंगार असेल.

विषाणूला स्वतःहून हलता येत नाही. तो झाडाच्याच वाटा वापरतो. शेजारशेजारच्या पेशींच्या भिंतींतून प्लाझमोडेस्माटा नावाच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. नळीची रुंदी 30 ते 50 नॅनोमीटर (एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर). पण तिच्या मधोमध आंतर्द्रव्यजालिकेचा (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याचा) एक पीळ गेलेला असल्यामुळे मोकळी फट उरते जेमतेम 3-4 नॅनोमीटरची. त्यातून साखर, क्षार असे सुमारे 1000 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू जातात. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू (टोमॅटोवरचा त्याचा सख्खा भाऊ) 300 नॅनोमीटर लांब नि 18 जाड. अख्खा काही मावत नाही.

म्हणून तो प्रथिनाचा अंगरखा उतरवून जातो. सुमारे 6400 अक्षरांचा त्याचा आरएनए धागा 30 किलोडाल्टनच्या एका वहन प्रथिनात गुंडाळला जातो नि सडपातळ होतो. जालिकेचं पटल याच नळीतून शेजारच्या पेशीत जात असल्यामुळे त्याच्या कडेकडेने तो दारापर्यंत पोचतो. पेशीतले अ‍ॅक्टिनचे तंतू या वाहतुकीला रुळांसारखे उपयोगी पडतात. दारही हेच प्रथिन सैल करतं. तंबाखूच्या झाडात 1989 साली मोजलं, तेव्हा फटीतून जाणाऱ्या रेणूंची मर्यादा जवळजवळ दहापट वाढलेली आढळली. झाड स्वतःची काही प्रथिनं नि आरएनए याच दारांनी धाडतं, त्यामुळे दार कायमचं बंद करणं त्याला परवडत नाही. फार तर तोंडाशी कॅलोजचं (साखरेच्या साखळ्यांच्या एका पदार्थाचं) कडं घट्ट करतं.

शिरेपर्यंत पोचला की मात्र अंगरखा पुन्हा लागतो. आवरणाचं प्रथिन नसलेला हा विषाणू पानातल्या पानात पसरतो, पण रसवाहिनीतून लांबचा पल्ला गाठत नाही. पुढे साखर जाईल तिकडे तो जातो : मुळं, शेंडा, वाढती फळं. जून पान साखर बाहेर धाडतं, घेत नाही. म्हणून तुमची मधली पानं वाचली आहेत. 1934 साली संशोधक सॅम्युअल यांनी टोमॅटोवरच हा प्रवास तपासला होता. ज्या पर्णिकेला विषाणू लावला, तिच्यातच तो सुरुवातीचे काही दिवस राहिला, मग आधी मुळात, नंतर शेंड्यात आणि मधल्या पानांत सगळ्यांत शेवटी.

बुरशीनाशकाचा इथे उपयोग शून्य. झाड मुळांसकट उपटून पिशवीत बांधून टाका. त्या कुंडीची माती यंदा टोमॅटो-मिरचीला नको, कारण मुळांच्या तुकड्यांत विषाणू टिकतो. शेजारची झाडं बहुधा कात्रीनेच लागली. 100 मिली पाण्यात 20 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घोळवून त्यात कात्री नि हात दर झाडागणिक बुडवा. तंबाखू मळलेला हात तर रोपाला लावूच नये! घरचं बी 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये 15 मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी निकोटियाना ग्लुटिनोसावर (तंबाखूच्या एका जातभाईवर) मोझॅकचा रस चोळला. रोग ठिपक्यांतच थांबायला हवा होता, पण एप्रिलमध्ये सगळं झाडच रोगट झालं. शिवाय अ‍ॅनिलीन ब्लूने रंगवल्यावर निरोगी पानातही कॅलोज चमकतं. (विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : पहिल्या गोष्टीचा दोष एप्रिलच्या उन्हाचा. ठिपक्यातच विषाणू कोंडणारं एन जनुक 28 अंशांच्या वर काम करत नाही. 22 ते 25 अंश राखता आले नाहीत, तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. तापलेलं झाड नंतर गारव्यात नेऊन दुरुस्ती करू नका : तोवर विषाणू सगळीकडे पोचलेला असतो, जनुक जागं होतं आणि झाडच करपतं. बाकी रीत नेहमीची : 1 ग्रॅम पान 10 मिली थंड फॉस्फेट बफरमध्ये (0.01 मोलर, पीएच 7) वाटायचं, पानावर कार्बोरंडम (बारीक खरखरीत पूड) भुरभुरून हलक्या हाताने चोळायचं, लगेच धुवायचं. ठिपके तीन-चार दिवसांत.

कॅलोजचं कारण जखम. पान कापल्यावर काही मिनिटांतच ते साचू लागतं. चकती कापली की थेट 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाका, बशीत ठेवून गप्पा नकोत. चोळण्यानेही कॅलोज वाढतं, म्हणून तुलनेसाठी निव्वळ बफर नि कार्बोरंडम चोळलेलं पान घ्या. न चोळलेलं चालणार नाही.

प्रश्न : सोयाबीनचा पिवळा मोझॅक खुरपताना हाताने पसरतो का? (सांवेर)

उत्तर : नाही, तो पांढऱ्या माशीने पसरतो. हा विषाणू डीएनएचा, केंद्रकात वाढणारा. त्यामुळे त्याला दोन वहन प्रथिनं लागतात : एक केंद्रकाबाहेर काढायला, दुसरं पेशीच्या दारापर्यंत न्यायला. तो बहुतेक रसवाहिनीच्या आसपासच राहतो, आणि माशी सोंड खुपसते तीही तिथेच.

पहिल्या महिन्यात दिसलेली पिवळी झाडं उपटा. जेएस 335 या वाणाऐवजी जेएस 20-29 किंवा 20-69 घ्या. पेरणीआधी बियाण्याला प्रथम बुरशीनाशक, मग थायामेथोक्साम 30 एफएस हे कीटकनाशक किलोला 10 मिली आणि रायझोबियम हे जिवाणू खत अगदी शेवटी लावा. बांधापलीकडे उन्हाळी मूग असेल, तर त्यावरची पिवळी झाडं सोयाबीन उगवायच्या आधीच काढलेली बरी, कारण हाच रोग तिथे मुक्काम करतो.